नव्याने रंगवलेल्या गाडीची काळजी आणि वॅक्सची योग्य वेळ

डेंटिंग-पेंटिंग होऊन गाडी घरी आली की तिला वॅक्स लावून आणखी चकचकीत करावेसे वाटते. पण नेमका हाच मोह निदान पहिला महिनाभर आवरावा लागतो. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा रंगवून साधारण 140 अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजला जातो, त्यामुळे शोरूममधून आलेल्या नव्या गाडीला लगेच वॅक्स लावले तरी चालते. गॅरेजमधल्या गाडीत मात्र वायरिंग, रबर, प्लॅस्टिक असे सगळे जागेवर असते, म्हणून बूथचे, म्हणजे रंग मारून वाळवण्याच्या बंदिस्त खोलीचे, तापमान 60 अंशांच्या आसपासच ठेवतात; अनेक लहान गॅरेजांत तर बूथच नसतो आणि रंग हवेवर वाळतो. हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) घातलेला रंग काही तासांत हाताला कोरडा लागला, तरी थरात अडकलेला थिनर पुढे कित्येक दिवस हळूहळू उडत राहतो. त्यावर वॅक्सचा थर दिला की त्याची वाट अडते, आणि रंग मऊ राहणे, चमक मंदावणे, बारीक फोड येणे असे दोष उद्भवू शकतात.

म्हणून गाडी ताब्यात घेतानाच रंग बूथमध्ये भाजला आहे की हवेवर वाळवला आहे, हे पेंटरला स्पष्ट विचारावे. भाजलेल्या रंगाला किमान 30 दिवस द्यावेत आणि हवेवर वाळलेल्याला 60 ते 90. पावसाळा असेल तर यातली मोठी मुदत धरावी. सीलंट आणि सिरॅमिक कोटिंग या रंगावर चढवायच्या इतर संरक्षक थरांनाही हाच नियम लागू आहे. ‘जाता जाता टेफ्लॉनही करून देतो’ असे कोणी म्हटले, तर नम्रपणे नको म्हणावे.

या मुदतीत रंगाला जपायचे ते मुख्यतः काही गोष्टी टाळून. कव्हर घालू नये, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. बॉनेट रंगवून आणल्यावर धूळ बसू नये म्हणून मी पाचव्याच दिवशी कव्हर घातले. रात्री पावसाची सर येऊन गेली, आणि सकाळी कव्हर काढले तेव्हा कापडाची वीण रंगात उमटून बोटाला लागत होती. रंग पुरता कडक झाल्यावर दोन हजार नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर) मारून आणि पॉलिश करून ती घालवावी लागली.

गाडी झाडाखालीही उभी करू नये, कारण पक्ष्यांची विष्ठा ताज्या रंगात लवकर डाग पाडते आणि मोहोराच्या दिवसांत आंब्यावरून तुडतुड्यांचा चिकटा गळत असतो. विष्ठा पडलीच तर ओले फडके त्यावर पाच मिनिटे ठेवावे आणि मऊ झाल्यावर न घासता उचलून घ्यावी. दसरा याच महिन्यात आला तर हळदकुंकू काचेवर लावावे आणि झेंडूचा ओला हार बॉनेटवर रात्रभर राहू देऊ नये.

पहिला आठवडा गाडी धुऊच नये. सोसायटीत रोज सकाळी एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने दहा गाड्या पुसणारे असतात, त्यांना महिनाभर आपली गाडी वगळायला सांगणे, ही माझ्या मते सर्वांत मोलाची खबरदारी आहे. कोरड्या धुळीवर फडके फिरले की मऊ रंगावर गोल गोल चरे उमटतात. पुढे धुताना सावलीत, भरपूर पाणी आणि गाडीचाच सौम्य शाम्पू वापरावा. भांड्यांचा साबण, ब्रश आणि प्रेशर पंप नको. बोअरचे पाणी असेल तर ते लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्यावे, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात.

मुदत संपली की वॅक्सचा दिवस. पॉलिश आणि वॅक्स यांत गल्लत करू नये: पॉलिश रंगाचा सूक्ष्म थर काढते, वॅक्स त्यावर थर चढवते. ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणाऱ्या कार्नोबाचे पेस्ट वॅक्स हाताने लावायला सोपे जाते. गाडी धुऊन कोरडी करावी, पत्रा हाताला थंड लागतो याची खात्री करावी आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावावी, कारण त्यांवर वॅक्स सुकले की पांढरे डाग सहजी जात नाहीत. ओलसर स्पंजावर बोटभर वॅक्स घेऊन एका वेळी अर्धेच बॉनेट, आणि तेही जेमतेम दिसेल इतक्या पातळ थराने भरावे. जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसताना हात दुखतात. काही मिनिटांनी धुरकट छटा आली की बोट ओढून पाहावे: बोटाखालचा रंग स्वच्छ दिसला तर पुसावे, चिकट रेघ उमटली तर थांबावे. पुसताना मायक्रोफायबरची घडी वारंवार पालटावी.

आपल्या उन्हात हा थर दीड-दोन महिने टिकतो. धुताना पाण्याचे थेंब मण्यांसारखे गोळा न होता पत्र्यावर पसरू लागले, की नवा थर द्यावा.