जमिनीखालची इंधन टाकी काढल्यावर भूजलावर लक्ष कसे ठेवावे

टाकी उपसून खड्डा बुजवला तरी मातीत मुरलेले पेट्रोल तिथेच राहते. त्याची घनता साधारण ०.७५ असल्यामुळे ते भूजलाच्या पृष्ठावर तरंगते. त्यातले बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन आणि झायलीन मात्र पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर पुढे सरकतात. पेट्रोलमध्ये एमटीबीई (ऑक्टेन वाढवायला मिसळले जाणारे रसायन) असेल तर ते या सगळ्यांच्या पुढे धावते. या कामात खरा धोका दूषित पाणी अहवालात स्वच्छ दिसण्याचा असतो. खालची बहुतेक खबरदारी त्यासाठीच आहे.

विहिरी कुठे आणि कशा

पाणी कोणत्या दिशेला वाहते हे ठरवायला किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात. त्या एका ओळीत नकोत, त्रिकोणात हव्यात. एक टाकीच्या जागी, एक प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि निदान एक खालच्या अंगाला. जवळ उपसा चालू असलेली बोअरवेल असेल तर प्रवाह तिच्याकडे वळलेला असू शकतो. कातळात पाणी भेगांमधून जाते, त्यामुळे तिथे तीन विहिरींच्या हिशेबावर फार विसंबू नये.

५० मिमी व्यासाचा, आट्यांनी जोडायचा पीव्हीसी पाइप वापरा. सोल्युशन लावून जोड चिकटवू नका. त्यातली द्रावके पुढे नमुन्यात उतरतात. खालचा सुमारे ३ मीटर भाग ०.२५ मिमी चिरांचा असावा, आणि पाण्याची पातळी वर्षभर या चिरांच्या टप्प्यातच राहिली पाहिजे. चिरा पूर्ण बुडाल्या तर वर तरंगणारे इंधन विहिरीत शिरतच नाही. हीच चूक सर्वाधिक महागात पडते, कारण ती नंतर दुरुस्त होत नाही. पातळी फार वरखाली होत असेल तर चिरांचा भाग लांब घ्या. पाइपाभोवती चिरांच्या वर ६० सेंमीपर्यंत धुतलेली वाळू, त्यावर ६० सेंमी बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) आणि मग सिमेंटचा गारा भरा. नाहीतर पावसाचे पाणी पाइपाच्या कडेने थेट खाली उतरते. शेवटी पाणी निवळेपर्यंत विहीर खळबळून उपसा आणि एक-दोन आठवडे तशीच राहू द्या.

पातळी मोजणे

सगळ्या विहिरी एकाच दिवशी मोजा. झाकण उघडल्यावर पातळी स्थिर होऊ द्या. तेल आणि पाणी वेगळे ओळखणारा प्रोब वापरा. पाण्यावर इंधन असेल तर त्याच्या भाराने खालचे पाणी दबलेले असते, म्हणून थराची जाडी गुणिले ०.७५ एवढी भर घाला. पाणी ९८.४० मीटरवर आणि थर ०.२० मीटर असेल तर खरी पातळी ९८.५५ मीटर. विहिरीत दिसणारा थर मातीतल्या थरापेक्षा सहसा जाड असतो. पाणी चढले की तो पातळ होतो, कधी नाहीसाच होतो. म्हणून इंधन गेले असे समजू नका. ते पाण्याखालच्या मातीत अडकलेले असते.

नमुना घेणे

सुरुवात सर्वांत स्वच्छ विहिरीपासून करा. प्रत्येक विहिरीला नवे नायट्राइल हातमोजे. वर इंधनाचा थर असलेल्या विहिरीत फक्त जाडी नोंदवा, विरघळलेल्या घटकांसाठी नमुना घेऊ नका.

पंप मिनिटाला १०० ते ५०० मिली एवढाच चालवा आणि पातळी १० सेंमीपेक्षा जास्त खाली जाऊ देऊ नका. दर ३ ते ५ मिनिटांनी वाचन घ्या. लागोपाठ तीन वाचनांत पीएच ०.१ च्या आत, विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत आणि विरघळलेला ऑक्सिजन १० टक्क्यांच्या आत राहिला की नमुना घ्या. असा पंप नसेल तर विहिरीतल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसा. ५० मिमी पाइपात मीटरमागे साधारण २ लिटर मावते, म्हणजे ४ मीटर पाण्यासाठी २४ लिटर. उपसलेले पाणी पिंपात साठवा, जमिनीवर ओतू नका. बेलर (दोरीने विहिरीत सोडायची नमुन्याची नळी) अलगद सोडा. तो आपटला की बेंझीन हवेत उडून जाते.

आम्ल घातलेल्या ४० मिलीच्या कुप्या सर्वांत आधी भरा. पाणी काठावर फुगून दिसेपर्यंत भरा, पण सांडू देऊ नका, नाहीतर आम्ल वाहून जाईल. झाकण लावून कुपी उलटी करा, टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर दुसरी कुपी घ्या. लगेच ४ अंश सेल्सिअसला ठेवा, गोठवू नका. तपासणी १४ दिवसांत व्हावी. आम्लाने पाणी फसफसत असेल तर बिनआम्लाची कुपी घ्या, मग मुदत ७ दिवसांवर येते.

प्रयोगशाळेतून आलेली शुद्ध पाण्याची एक बंद कुपी सगळ्या प्रवासात सोबत ठेवा. तिच्यात बेंझीन सापडले तर दोष विहिरीचा नाही. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा, आणि त्या दिवशी वाटेत गाडीत पेट्रोल भरू नका.

अहवाल वाचताना

निदान वर्षभर, दर तीन महिन्यांनी नमुने घ्या आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्या दिवसाची पातळी लिहा. पिण्याच्या पाण्यात बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. ‘आढळले नाही’ असा शेरा दिसला तर शेजारचा शोधमर्यादेचा, म्हणजे प्रयोगशाळेला ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाचा रकाना वाचा. फार दूषित नमुना प्रयोगशाळा पातळ करून तपासते आणि त्यामुळे ही मर्यादा वाढते. ती ५० असेल तर त्या शेऱ्यावरून बेंझीन १० च्या आत आहे की नाही हे कळतच नाही.