‘स्कॅलप’ दिसलं की लगेच शिंपल्याकडे धावू नका

इंग्रजी रेसिपी मराठीत आणताना ‘स्कॅलप’च्या जागी बिनदिक्कत ‘तिसऱ्या’ लिहिलं जातं, आणि तिथेच घोळ सुरू होतो. तिसऱ्या आपण शिंपल्यासकट शिजवतो, आतलं सगळं खातो. स्कॅलप हाही शिंपल्यातलाच समुद्री प्राणी, पण त्याचा शिंपला पंख्यासारखा पसरट, आणि विकायला येतो तो बऱ्याचदा नुसता आतला पांढरा, गोल स्नायू. शिंपल्याची झाकणं याच स्नायूने मिटतात. ती फटाफट मिटत हा प्राणी चक्क पोहतो! चांगल्या तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी एक-दोन मिनिटं या स्नायूला पुरे. तिसऱ्यांच्या रश्शासारखा रटरटवलात, तर रबर चावत बसाल.

‘स्कॅलप्ड पोटॅटोज’मध्ये मात्र शिंपला शोधू नका. ते दुधात किंवा क्रीममध्ये बेक केलेले बटाट्याचे काप. पूर्वी कालवांसारखे पदार्थ पावाचा चुरा घालून स्कॅलपच्या शिंपल्यातच बेक करत. त्यावरून ‘स्कॅलप करणं’ हे क्रियापद झालं. सिडनीत ‘पोटॅटो स्कॅलप’ मागितलात तर पिठात बुडवून तळलेली बटाट्याची चकती मिळेल. म्हणजे आपली भजीच की!

सगळ्यात फसवा शब्द ‘एस्कलोप’. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्कालोप’ म्हणजे शिंपला, आणि इंग्रजी ‘स्कॅलप’ त्यातूनच आला. पण आजच्या फ्रेंच मेनूत एस्कलोप म्हणजे मांसाचा पातळ काप. शिंपल्यातला स्कॅलप हवा असेल तर ‘कोकी सँ-झाक’ शोधा, म्हणजे संत जेम्सचा शिंपला. स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेला इथे या संताच्या दर्शनाला जाणारे यात्रेकरू मध्ययुगापासून हा शिंपला खूण म्हणून बाळगतात.

उच्चारावरून मात्र कोणाला टोकू नका. ‘स्कॅलप’ आणि ‘स्कॉलप’ दोन्ही बरोबर आहेत.

राहिली शिवणकामातली स्कॅलप बॉर्डर. शिंपल्याच्या कडेसारखे अर्धगोल, एवढाच तिचा अर्थ. ब्लाउजच्या गळ्याला ती केल्यावर उलटवताना दोन अर्धगोलांमधली खाच ओढली जाते, कारण तिथे काप दिलेला नसतो. शिलाईच्या अगदी जवळपर्यंत कात्री मारा, दोरा तेवढा कापू नका. गोलाईवरचं जादा कापडही छाटा, नाहीतर कड जाड, फुगलेली दिसते. शिलाई मारताना खाचेत वळायचं तेव्हा सुई कापडातच रुतलेली ठेवून प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, उचला आणि कापड फिरवा.