पॅकेटमधला मजकूर बघून ट्रॅफिक अडवताय? मग या चुका टाळा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या युनिटचं ऑफिस असो नाहीतर जुळे सोलापुरातली क्लासची कॉम्प्युटर लॅब, मालकाची मागणी ठरलेली, "ती अमुक साईट बंद कर, बाकी सगळं चालू पाहिजे." मग नेटचं काम बघणारा पोरगा लिनक्सच्या डब्यावर (ज्यातून सगळ्यांचं नेट जातं तो कॉम्प्युटर) आयपीटेबल्स या फायरवॉलचं, म्हणजे ट्रॅफिक अडवणाऱ्या प्रोग्रामचं, स्ट्रिंग मॉड्यूल वापरतो, जे जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक तुकड्यात, म्हणजे पॅकेटमध्ये, दिलेला शब्द (स्ट्रिंग) शोधतं, त्यात साईटचं नाव टाकतो, पुढे ड्रॉप (पॅकेट गपचूप टाकून दे) लिहितो आणि घरी जातो. तासाभरात फोन, "काय बे, बंद केलं म्हणालास, साईट तर झकास चालतीय की!"

फायरवॉल बिघडलेली नसते. हे मॉड्यूल लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) २.६.१४ पासून, म्हणजे २००५ पासून आहे आणि जे करायला बनवलंय तेवढं बरोबर करतं, फक्त ते एकेक पॅकेट सुटं सुटं बघतं. आधीचं काय होतं, नंतर काय येणार, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'सोला' एका पॅकेटमध्ये आणि 'पूर' दुसऱ्यात गेलं तर त्याच्या दृष्टीने सोलापूर आलंच नाही.

पहिलं बघा ते रूलची जागा, कारण निम्मी भानगड तिथेच असते. जवळजवळ प्रत्येक सेटअपमध्ये वरच्या बाजूला 'एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड असेल तर ॲक्सेप्ट' (आधीच जुळलेल्या कनेक्शनला जाऊ दे) हा रूल असतो, तो हवाच, पण टीसीपीचं (डेटा खात्रीने पोचवायची नेहमीची पद्धत) कनेक्शन मागणारं पहिलं सिन पॅकेट साधारणपणे रिकामं असतं, त्यात साईटचं नाव गाव काही नसतं, नाव येतं हँडशेक (दोन्ही बाजूंची सुरुवातीची जुळणी) झाल्यावर, आणि तोवर कनेक्शन एस्टॅब्लिश्ड झालेलं असतं म्हणून ते वरच्या रूलनेच पास होऊन जातं आणि तुमच्या रूलपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे स्ट्रिंगचा रूल त्याच्या वर घाला, शेवटी जोडू नका. मायक्रोटिकचा राउटर वापरत असाल तर तिथे हाच घोळ फास्टट्रॅक या वेग वाढवणाऱ्या शॉर्टकटमुळे होतो, फास्टट्रॅक झालेलं कनेक्शन फिल्टरचे रूल टाळून जातं, मग मजकूर तपासणारे कंटेंट मॅचर काय नि लेअर सेव्हन काय, काहीच लागत नाही.

चेनची (रूलची यादी, ट्रॅफिक कुठे चाललंय त्यावर ती ठरते) चूकही लई कॉमन आहे. डबा राउटर म्हणून मध्ये बसलाय आणि रूल टाकलाय इनपुटमध्ये! इनपुट म्हणजे त्या डब्यासाठी आलेलं ट्रॅफिक, मागच्या कॉम्प्युटरचं ट्रॅफिक फॉरवर्डमधून जातं. पण त्याच डब्यावर स्क्विड प्रॉक्सी (बाकीच्यांसाठी पानं स्वतः आणून देणारा मध्यस्थ) चालू असेल तर गणित परत बदलतं, तेव्हा इनपुट आणि आउटपुटच बघावं लागतं.

आता एचटीटीपीएस, म्हणजे कुलूप लावून जाणारं वेब ट्रॅफिक. पानावरचा शब्द बघून अडवायचं हे आज जवळपास संपलंय, कारण सगळं एनक्रिप्टेड (किल्लीशिवाय न वाचता येणारं) आहे. उघडं दिसतं ते फक्त सुरुवातीच्या क्लायंट हॅलोमधलं (ब्राउझरचा साईटला पहिला निरोप) साईटचं नाव, ज्याला एसएनआय म्हणतात, आणि जिथे ईसीएच (हा निरोपही झाकायची सोय) वापरात आहे तिथे तेही झाकलेलं. लोक एसएनआयवर स्ट्रिंग लावतात, चालतंही, पण मग तक्रार येते की कधी अडतं कधी उघडतं. त्याचं एक कारण असं की क्रोमने २०२४ मध्ये डेस्कटॉपवर पोस्ट-क्वांटम की एक्स्चेंज (क्वांटम कॉम्प्युटरलाही फोडता येऊ नये अशी कीची देवाणघेवाण) डीफॉल्ट चालू केलं, त्यातल्या एका कीचेच १,१८४ बाइट होतात, त्यामुळे क्लायंट हॅलो दीड हजार बाइटच्या एका पॅकेटात मावत नाही, दोन होतात. वर क्रोम क्लायंट हॅलोतल्या एक्स्टेन्शन्सचा (जोड माहितीच्या तुकड्यांचा, नावही त्यातच असतं) क्रम दरवेळी पिसतो. म्हणजे नाव कधी पहिल्या पॅकेटात, कधी दुसऱ्यात, आणि कधी बरोबर मधे कापलेलं. मायक्रोटिकच्या, एसएनआय बघणाऱ्या टीएलएस होस्ट मॅचरलाही हँडशेक असा तुकड्यांत आला की नाव सापडत नाही. तुम्ही तासभर रूल बदलत बसता आणि दोष रूलचा नसतोच.

याच्या जोडीला क्विक, ब्राउझर टीसीपीऐवजी वापरतो ती नवी पद्धत. यूडीपीच्या (टीसीपीपेक्षा साधी, हँडशेक नसलेली पद्धत) ४४३ पोर्टवर चालतं, २०२१ मध्ये त्याचं स्टँडर्ड आलं, त्यात क्लायंट हॅलोसुद्धा एनक्रिप्ट होऊन जातो त्यामुळे साधं स्ट्रिंग मॅचिंग कधीच लागणार नाही. टीसीपीवर सगळं बंद आणि मोबाईलवर व्हिडिओ मस्त चालू, असं दिसलं की समजा हेच आहे. यूडीपी ४४३ रिजेक्ट करा (नकार कळवून अडवा), ब्राउझर गपचूप टीसीपीवर येतो.

छोट्या स्ट्रिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण यात लोकांचं नुकसान होतं. बेटिंगच्या साईट बंद करायच्या म्हणून कोणीतरी 'बेट' ही इंग्रजी तीन अक्षरं टाकतो, पोर्ट नाही, दिशा नाही, काही नाही. अल्फाबेट, डायबेटिस, टिबेट अडणार हे तर कोणालाही सुचेल. खरी गंमत एनक्रिप्टेड डेटाची आहे. तो जवळपास रँडम बाइटसारखा असतो, आणि तीन बाइटचे एकूण प्रकार होतात २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, म्हणजे १,६७,७७,२१६. म्हणजे साधारण १६ एमबी डेटामागे एकदा ती तीन अक्षरं उगाचच जुळून येणार. त्यात अक्षरं लहान-मोठी कशीही चालतील असा आयकेस पर्याय लावला असेल तर आठपट, दोन एमबीमागेच एकदा. मग युनिटमधला डिझायनर जॅकार्डच्या डिझाईनची मोठी फाईल पाठवायला घेतो, मधेच अडकते, टीसीपी तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतं, त्यात तेच बाइट, फायरवॉल पुन्हा पुन्हा खाते, शेवटी कनेक्शन मरतं. परत सुरू केलं की एनक्रिप्शनची किल्ली नवीन, बाइट नवीन, यावेळी दुसरीकडेच अडकते किंवा सुटते. सगळे नेटवाल्याला शिव्या देतात. मोठी फाईल दरवेळी वेगळ्या टक्क्यावर थांबत असेल तर लाईन तपासायच्या आधी छोट्या स्ट्रिंगचे रूल शोधा. स्ट्रिंग लांब घ्या (१२८ बाइटपर्यंत चालते), आणि प्रोटोकॉल व पोर्ट बांधून द्या.

मला विचाराल तर नाव अडवायची बरी जागा डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा) आहे, पण तिथेही एक खड्डा आहे. डीएनएसच्या पॅकेटमध्ये टिंब नसतंच, प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी एका बाइटमध्ये येते. आपल्या जिल्ह्याची सोलापूर डॉट जीओव्ही डॉट इन ही साईट घ्या (अडवायला नाही, उदाहरणाला!), ती आत जाते ७, मग सोलापूरची इंग्रजी सात अक्षरं, ३, जीओव्ही, २, इन आणि शेवटी ०. हे हेक्स-स्ट्रिंगने (बाइटचे आकडे उभ्या रेघांमध्ये) लिहायचं, त्या रेघा कोटमध्ये नसतील तर शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) त्यांना पाईप, म्हणजे दोन कमांड जोडायची खूण, समजून बसतो. शोध कुठून सुरू करायचा तो आकडा आयपी हेडरपासून मोजतात, म्हणून २० आयपीचे, ८ यूडीपीचे, १२ डीएनएस हेडरचे, एकूण ४०. आणि आयकेस इथे मात्र लावाच, कारण काही रिझॉल्व्हर (डीएनएसला नाव विचारणारे प्रोग्राम) मुद्दाम लहान-मोठी अक्षरं मिसळून पाठवतात. खरं तर एवढी खटपट करण्यापेक्षा स्वतःचा डीएनएस सर्व्हर, अनबाउंड किंवा डीएनएसमास्क, ठेवून तिथेच नाव नाकारलेलं बरं, बाकीच्या कॉम्प्युटरना बाहेरचा ५३ पोर्ट (डीएनएसचा) बंद करून. ज्याने ब्राउझरमध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (डीएनएसचे प्रश्नही एनक्रिप्ट करून पाठवणं) हाताने चालू केलंय तो तरीही निसटणार.

स्ट्रिंग मॉड्यूल शोधायचा अल्गोरिदम (पद्धत) विचारतं तिथे सगळे बीएम टाकतात, म्हणजे बॉयर-मूर. वेगवान आहे, पण कर्नलच्या कोडमध्येच लिहून ठेवलंय की मजकूर मेमरीच्या दोन ब्लॉकमध्ये विभागला गेला तर बीएमला तो सापडणार नाही, तसं नको असेल तर केएमपी हा दुसरा अल्गोरिदम वापरा. मी केएमपीच टाकतो.

आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) विसरू नका, आयपीटेबल्सचे रूल त्याला लागत नाहीत, आयपी६टेबल्स वेगळं आहे, आणि तिथे हेडर ४० बाइटचं म्हणून वरचा ४० चा आकडा ६० होतो. टीसीपीला ड्रॉपऐवजी रिजेक्ट करून टीसीपी रिसेट (कनेक्शन लगेच तोडणारं पॅकेट) पाठवा, नाहीतर पान गरगर फिरत राहतं आणि लोक म्हणतात नेट स्लो आहे.

तपासताना आधी काउंटर (रूल किती पॅकेटना लागला तो आकडा) शून्य करा, एकाच मशीनवरून ती साईट उघडा, परत काउंटर बघा. वाढला नाही तर जागा, चेन किंवा आयपीव्ही६. वाढला आणि तरी उघडतंय तर क्विक किंवा आधीपासून चालू असलेलं कनेक्शन, कनट्रॅक टेबल (चालू कनेक्शनची यादी) साफ करून बघा. तरी कळलं नाही तर टीसीपीडम्प या टूलने पॅकेट उघडून नाव खरंच दिसतंय का ते डोळ्याने बघा, बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळतं. लांबून लॉगिन करून रूल बदलत असाल तर आयपीटेबल्स-अप्लाय वापरा, चुकलं आणि तुम्हीच बाहेर अडकलात तर ते जुने रूल परत आणतं. आणि सगळं जमलं की रूल सेव्ह करा, कारण ते मेमरीत असतात, उन्हाळ्यात दुपारी लाईट जाते, यूपीएस दम टाकतो, डबा रीबूट होतो आणि रूल गायब.