अंगठी आधी उलटी करा

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, खडे बसवायचं काम मी ३१ वर्षं करतोय. एवढ्या वर्षांत "ही नवीच आहे बघा" म्हणत अंगठी पुढं ठेवणारं गिऱ्हाईक मला भेटलेलं नाही. सगळ्यांच्या अंगठ्या पणजीच्या, आणि सगळ्यांच्या पणज्या शंभर वर्षांपूर्वीच्या.

गेल्या श्रावणात एक ताई आल्या. कागदाच्या पुडीत लाल खड्याची अंगठी. "मामा, आज्जीच्या सासूची हाय. माणिक हाय. किती जुनी तेवढं सांगा." मी ती घेतली आणि पहिल्यांदा उलटी केली. त्या हसल्या, "आवो, खडा वरल्या अंगाला हाय की!"

खडा वरच असतो, पण वय खाली असतं. घरच्या घरी बघायचं असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक पांढरा कागद आणि खिडकीतला दिवसाचा उजेड पुरतो. दुकानातल्या दिव्याखाली काचसुद्धा हसते, तिथं निवाडा करू नका.

आधी झीज बघा. रोज घातलेली अंगठी तळव्याकडच्या बाजूला पातळ होते, शेजारच्या बोटांना घासून दोन्ही बगलांची नक्षी पुसट होते, आणि खडा धरणारी नखं बोथट होतात. वरची नक्षी मात्र त्या मानानं टिकते. आता जी 'अँटिक पॉलिश' येते, तिच्यात प्रत्येक खाचेत सारखाच काळेपणा भरलेला असतो आणि खाचेच्या कडा बोटाला टोचतात. खरा मळ असा शिस्तीत बसत नाही.

मग खड्याची पाठ. पाठ उघडी असेल तर उजेड आरपार येतो. बंद असेल तर थांबा, घाई करू नका. आपल्या कोंदणकामात खड्याखाली चकचकीत पातळ पत्रा घालतात, आम्ही त्याला डाक म्हणतो. अठराव्या शतकातल्या विलायती अंगठ्यांतही हीच युक्ती असायची, कारण तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात खडा चमकवायचा होता. अशा अंगठीला पाणी लावायचं नाही. कामाला लागलो त्या वर्षी मी एक बंद कोंदणाची अंगठी रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवली होती. सकाळी खडा राखेसारखा झाला होता. पाणी आत शिरून डाक काळा पडला होता. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्या गिऱ्हाइकाची भरपाई माझ्या पगारातून गेली. बंद पाठीची अंगठी कोरड्या मऊ कापडानं पुसा, बस्स. दुकानातल्या कंपनाच्या यंत्रात तर कुठलीच जुनी अंगठी टाकू देऊ नका. पाचूतलं तेल निघतं, मोती खराब होतो.

आतल्या बाजूचे शिक्के भिंगातून वाचा. जुन्या घराण्यांत विलायती अंगठ्या निघतात. तिथं १५ किंवा .६२५ दिसलं तर उजेडाजवळ घेऊन नीट बघा. ब्रिटनमध्ये १५ कॅरटचा शिक्का १८५४ ला सुरू झाला आणि १९३२ ला बंद पडला. म्हणजे त्या दोन सालांच्या मधली अंगठी. नांगराचं चिन्ह असेल तर बर्मिंगहॅम. उलट सहा अक्षरं-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे आपल्या हॉलमार्कचा ओळख क्रमांक, दिसला, तर तो शिक्का तरी जुलै २०२१ नंतरचा आहे, मग पणजीची गोष्ट कितीही रंगवून सांगा.

एवढं झालं की लोक विचारतात, "मग ही खरी जुनी की नक्कल?" इथंच माझं लोकांशी जमत नाही, कारण यात तिसरा प्रकार आहे आणि तो मला सगळ्यांत आवडतो. जुन्याच्या प्रेमात पडून मुद्दाम जुन्या घाटात केलेला, आणि आता स्वतःच जुना झालेला दागिना.

१८३६ साली इटलीत चेर्वेतेरी इथं एत्रुस्कन लोकांचं, म्हणजे रोमनांच्या आधी तिथं नांदणाऱ्यांचं, एक थडगं उघडलं. त्यात सव्वीसशे वर्षांपूर्वीचं सोनं निघालं, त्यावर रव्याहून बारीक सोन्याचे दाणे बसवलेले. रोममधल्या फोर्तुनातो पिओ कास्तेलानी नावाच्या सोनाराला त्यानं वेड लावलं. तो आणि त्याची मुलं त्या दाण्यांच्या मागं लागली. सान्तान्जेलो इन वादो या गावात जुनी कला टिकवून असलेले कारागीर त्यांनी शोधून रोमला आणले. तरी त्या दाण्यांची बरोबरी पूर्ण साधली नाही. ते कोडं १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये लिटलडेल नावाच्या एकानं तांब्याचा क्षार आणि डिंकासारखा चिकट पदार्थ वापरून सोडवलं. कास्तेलानींचे दागिने मात्र युरोपभर गाजले. पाठीवर एकमेकांत अडकवलेले दोन 'सी' ही त्यांची खूण. आपले राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेहून परतताना फ्लॉरेन्सला वारले, तेव्हा इटलीत या फॅशनचा भर होता. त्यांच्या नजरेला अशी एखादी अंगठी पडली असेल का, हे मला उगीच वाटत राहतं.

जमिनीतून काही निघालं की फॅशन बदलते. १९२२ ला तुतानखामेनची कबर सापडली आणि अंगठ्यांवर भुंगे, कमळं आली. आपल्याकडं ब्रह्मपुरीत खोदताना रोमन घडणीचा काशाचा पोसायडन, म्हणजे त्यांचा समुद्रदेव, निघाला, तो टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. एकदा जाऊन बघा. फॅशन मात्र त्यावरून काही निघाली नाही.

त्या तिसऱ्या प्रकारची अंगठी ओळखायची ती घाटावरून नव्हे, घडणीवरून. हातानं लावलेला रवा भिंगाखाली बघा, ठुशीच्या मण्यासारखा प्रत्येक दाणा सुटा गोल, खाली फक्त टेकलेला दिसतो. साच्यात ओतलेल्या अंगठीत दाण्यांची बुडं एकमेकांत वितळलेली असतात आणि आतल्या बाजूला सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. असाच घाट बाजूच्या दुकानात पाच नगांत दिसला तर सांगायलाच नको. साच्यातल्या अंगठीला मी वाईट म्हणत नाही, पुरेशी चांगली असते. पावतीवर 'जुन्या पद्धतीची' लिहून घ्या, 'जुनी' लिहिलं असेल तर विचारा, कशावरून?

आता ताईंचा खडा. आधी खडा बाजूनं भिंगातून बघितला. खड्याच्या कडेला जोडाची रेघ दिसली असती, तर वर गार्नेटचा पातळ पापुद्रा आणि खाली काच, असा जोडखडा समजायचा. तसं दिसलं नाही. मग खड्याच्या आत बघितलं. खाणीतल्या माणकाच्या आत सरळ रेघा, कोन, बारीक कचरा असतो. इथं ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या वाकड्या रेघा आणि एक गोल बुडबुडा. भट्टीत केलेलं माणिक. फ्रान्सच्या व्हर्नुईनं ही रीत १९०२ ला जाहीर केली, म्हणजे खडा बहुधा त्या आधीचा नाही. सोनं मात्र जुन्या घडणीचं, झिजलेलं. खडा नंतर बदललेला असू शकतो, आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. किंवा अंगठी १९२०-३० ची असेल, तेव्हा असे खडे भारी म्हणूनच विकले जायचे.

ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे फसवलं व्हय आज्जीला?"

मी म्हटलं, तेव्हा देणाऱ्यालाही कदाचित माहीत नसेल. आणि नखं बघा, दोन जागी उठलीत, खडा हलतोय. तो पडायच्या आधी नखं दाबून घेऊया, शंभर रुपयांत होईल.

"करा," त्या म्हणाल्या, "पण पॉलिश करू नका."