मोड आलेल्या मटकीचा श्वास

कार्बनचक्र शिकवताना मी आधी फळ्यावर बाण काढत नाही. आदल्या दिवशी मुलांना खायचा चुना आणायला सांगते.

चमचाभर चुना लिटरभर पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या. ही चुन्याची निवळी. पेल्यात थोडी घेऊन नळीने फुंका. ओढायचं अजिबात नाही, चुन्याने तोंड भाजतं. मुलांजवळ उभं राहा. बघता बघता पाणी दुधाळ होतं. तळाला बसते ती पांढरी पूड म्हणजे चुनखडी. भट्टीत चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो तेव्हा चुना तयार होतो. मुलांच्या उच्छ्वासाने त्याला तो परत दिला.

आता दोन बरण्या. एकीत मूठभर मोड आलेली मटकी, दुसरीत तेवढीच उकडून गार केलेली. दोन्हींत निवळीची छोटी वाटी ठेवून झाकण घट्ट लावा. शाळा सुटेपर्यंत मोडांच्या बरणीतल्या वाटीवर पांढरी साय धरते, दुसरीत फारसं काही नाही. मटकीच्या पानांनी खरिपाच्या उन्हात हवेतला कार्बन घेऊन दाण्यात साठवला होता, तो मोड आता श्वसनातून सोडतायत.

एकदा उकडलेल्या मटकीची बरणी शनिवार-रविवार वर्गातच राहिली. सोमवारी झाकण उघडलं तर आंबूस वास, आणि त्याही वाटीवर साय! मटकी मेलेली, पण तिच्यावर वाढलेले जिवाणू श्वास घेत होते. शेणखताच्या खड्ड्यात हेच चालतं. तेव्हापासून ती बरणी मी मुद्दाम दोन दिवस ठेवते.

‘झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री कार्बन डायऑक्साइड’ हे अर्धवट वाक्य मुलांच्या डोक्यातून काढाच. झाडं चोवीस तास श्वसन करतात; उजेडात प्रकाशसंश्लेषण त्याहून कितीतरी जास्त होतं, म्हणून दिवसा श्वसन दिसत नाही. पटवायला मेथीच्या दोन ताज्या जुड्या अशाच बरण्यांत ठेवा, एक खिडकीशी, एक काळ्या कापडात गुंडाळून. साय कुठे जाड येते ते मुलांनाच बघू द्या.

मग फळ्यावर हवाई बेटांवरच्या मौना लोआ ज्वालामुखीवरल्या वेधशाळेचा आलेख काढा. तिथे 1958 पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. रेघ दरवर्षी मे महिन्यात शिखर गाठते आणि उत्तर गोलार्धातली रानं हिरवी झाली की सप्टेंबरपर्यंत उतरते. तरीही दहा लाख भागांत 315 भाग होते, ते आता 420 च्या पुढे गेलेत. पानं दरवर्षी खाली ओढतात, तर रेघ वर का चढते, हे कोणीतरी विचारतंच. तेव्हा दगडी कोळशाचा तुकडा हातात द्या: कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी हवेतून घेतलेला आणि श्वसनातून परत न गेलेला कार्बन. तो आता आपण जाळून हवेत सोडतोय.