जुनी टेली लेन्स घ्यायला जाताना टॉर्च आणि स्वतःची कॅमेरा बॉडी सोबत न्या

हिवाळ्यात नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात पक्षी टिपायचे म्हणून सेकंडहँड टेली, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स, शोधत असाल, तर व्यवहार दिवसाउजेडी करा. दोन्ही कॅप काढा, मागून मोबाईलचा टॉर्च तिरका धरा आणि पुढून आत पाहा. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, ते फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. पावसाळाभर बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सला ती हटकून धरते आणि काचेवरचा पातळ थर (कोटिंग) खाते, त्यामुळे साफ करूनही डाग राहू शकतो. काच दुधाळ दिसली, तर किंमत कितीही पाडली तरी घेऊ नका. उजेडासमोर फोटो पांढरट पडतील.

मग लेन्स स्वतःच्याच बॉडीवर लावा. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, त्यामुळे डी३५००, डी५६०० वर फोकस हातानेच करावा लागतो. कॅनन माउंटच्या काही जुन्या सिग्मा लेन्स डिजिटल बॉडीवर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला (उजेड आत घेणाऱ्या छिद्राला) नीट चालतात, छिद्र एफ/८ इतकं लहान केलं की मात्र एरर देतात. दुकानात हे कुणी करून पाहत नाही, तुम्ही पाहा. कॅननची ४०० एमएम एफ/५.६ तीक्ष्ण आहे, पण तिला हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर नाही.

शेवटी पांडवलेणीच्या डोंगरावर फोकस, लगेच जवळच्या पाटीवर, पुन्हा डोंगरावर, असं दहा वेळा करा. मोटर किंचाळली किंवा अडखळली, तर दुरुस्तीला सुटा भाग मिळतो का ते आधी विचारा. लेन्स ट्रायपॉडवर बसवायची कडी, म्हणजे ट्रायपॉड कॉलर, सोबत आहे ना, तेही बघा. ती वेगळी घेतली तर महाग पडते.