हिवाळ्यासाठी गाडी तयार करताना या चुका टाळा

कडाक्याच्या थंडीत गाडी रुसली की सगळं खापर थंडीवर फुटतं. पण यातले बरेच बिघाड कुणीतरी चांगल्या हेतूने केलेल्या उपायातून उद्भवतात.

त्यात पहिला मान माझा. बर्फ धरलेल्या काचेवर मी एकदा उकळतं पाणी ओतलं. काचेच्या कडेला खडा लागून तीळभर टवका उडालेला होता. तिथून चीर निघाली ती थेट पलीकडच्या टोकाला. बाहेरची बाजू एकदम तापते, आतली गारच राहते आणि तो ताण काचेला सोसत नाही. प्लास्टिकची खरवडणी आणि आतून गरम हवेचा झोत, एवढं पुरतं. वायपर काचेला चिकटले असतील तर बटण दाबू नका. रबर फाटतं, फ्यूज उडतो, कधी मोटारही जळते. रात्री गाडी बंद करण्याआधी वायपर बंद केले नाहीत, तर सकाळी चावी फिरवताच नेमकं हेच घडतं.

कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या आणि थंडीत गोठू न देणाऱ्या द्रवाच्या बाबतीत 'जास्त घातलं की जास्त चांगलं' हा हिशेब चक्क उलटा पडतो. कुलंटमधलं मुख्य रसायन, इथिलीन ग्लायकॉल, शुद्ध असेल तर उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं. तेच पाण्यात निम्मंनिम्मं मिसळलं की साधारण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे उन्हाळाभर साधं पाणी टाकून पातळी भरत राहणं. टाकी काठोकाठ दिसते, पण मिश्रण पातळ झालेलं असतं. ते मापकानेच तपासावं लागतं, डोळ्यांनी कळत नाही. तयार मिश्रणाच्या डब्यात पुन्हा पाणी घालू नका. रंग जुळतो म्हणून वेगळ्या प्रकारचं कुलंटही मिसळू नका.

सगळ्यात जास्त फसवते ती बॅटरी. तिला खरं झिजवतं ते उन्हाळ्याचं ऊन, थंडी फक्त ते उघडं पाडते. उणे १८ अंशांना शिशाची बॅटरी जेमतेम निम्मी ताकद देते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन ऑइल दाट झाल्यामुळे सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरला, जास्त जोर लागतो. म्हणून 'काल तर चालू झाली होती' याला काही अर्थ नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी.

नवी बॅटरी आणण्याआधी आवाज ऐका. सेल्फ मारताच भराभर 'कटकटकट' झालं आणि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढला आहे. आधी तो घासून साफ करा, कित्येकदा तेवढ्यावर भागतं. एकच 'टक्' आणि दिवे मात्र लख्ख, तर संशय सेल्फवर घ्या. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीचा पिच्छा सोडा आणि इंधनाकडे वळा. बॅटरी फुगलेली किंवा गोठलेली दिसली तर दुसऱ्या बॅटरीवरून जंप देऊ नका, ती फुटू शकते.

डिझेल गाडी चालू होऊन थोड्या वेळात बंद पडत असेल, तर डिझेलमधलं मेण थिजून फिल्टर तुंबला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी टाकीत पेट्रोल किंवा रॉकेल ओतण्याचा जुना सल्ला आजच्या उच्च दाबाच्या पंपांना महागात पडतो. डिझेलच पंपाला वंगण पुरवत असतं. हिवाळी डिझेल भरा. डिझेल थिजू नये म्हणून मिळणारा मिश्रक घालायचाच असेल तर ते थिजण्याआधी घाला. नंतर घालून फारसा उपयोग होत नाही.

टायरच्या बाबतीत बर्फावर पकड यावी म्हणून हवा कमी करणारे भेटतात. तापमान दर ५-६ अंशांनी उतरलं की हवा साधारण एक पीएसआयने आपोआपच कमी होते. वर आपण आणखी कशाला काढायची? टायर थंड असताना, बाहेरच्या हवेतच मोजा आणि कंपनीने सांगितलेला आकडा धरा. हिवाळी टायर घेणार असाल तर चारही घ्या. पैसे वाचवायला दोनच टायर पुढच्या चाकांना लावले, तर ब्रेक दाबताच किंवा वळणावर मागची बाजू घसरत पुढे येते. तापमान सात अंशांच्या खाली राहायला लागलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, म्हणजे बर्फ पडायची वाट पाहायची नाही. आणि फोर-व्हील ड्राइव्हचा गर्व नको. ती गाडी निघते झटकन, थांबते मात्र इतरांसारखीच.

काचा आतून धुरकटत असतील तर हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद करा आणि हीटरसोबत एसी लावा. एसी हवा कोरडी करतो.

इंजिन अर्धा तास गरम करत बसण्याचीही गरज नाही. अर्ध्या-एक मिनिटाने निघा आणि पहिले काही किलोमीटर हळू चालवा. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हिमवर्षावात गाडी अडकली, तर हीटर लावण्याआधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेलं बर्फ काढा, आणि बर्फ पडत असेपर्यंत ते पुन्हापुन्हा पाहत राहा.